त्रेसष्ट लाल ठिपके

"बाई, आज सांगूनच टाक! त्या काम्प्युटरनं तुयं असं कोणतं घोडं मारलं, का तू हात धुवून त्याच्या मागं लागली?"

प्रफुलने हातातला लांबलचक, काठाला भोकं असलेला कागद सुपातल्या तांदळावर टाकला आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तांदूळ निवडणारी सुगंधाबाईंची बोटं जागीच थबकली. सहा वर्षांच्या पोरक्या भावाला ज्यांनी आईच्या मायेनं वाढवलं, त्याच्या पाटीपेन्सिलीपासून नागपूरच्या इंजिनीअरिंगच्या पुस्तकांपर्यंत ज्यांनी स्वतःची हौसमौज कधी आड येऊ दिली नाही, त्या बहिणीला त्यानं आज असं विचारावं...! त्यांनी कागदाकडे पाहिलं. वर त्यांच्या भावजयीचं नाव होतं, रंजीता. वय चोवीस, सातवा महिना. खाली निकाल: अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या. घरी विश्रांती.

"बाबू, मी कोनाच्या मागं नाई लागली," त्या खालमानेनं म्हणाल्या. "मी एवढंच म्हणून राह्यली, का रंजीताले नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ने. तिचे पाय दुखून राह्यले, डोळे पिवळे दिसून राह्यले..."

"दोन वर्षांपासून तुले तिच्यात काई ना काई दिसतेच! ही गोळी खा, तांब्याभर पानी पी, गार हवेत बसू नोको... लेकराले कोनी एवढं छळत नाई. आन् आता मशीनच्या मागं! अवं, चाळीस हजार पेशंट आहेत तिच्या पोटात. तुयाच रजिस्टरातले. तेच खोटे असतीन, तर मंग खरं काय?"

सुगंधाबाईंनी झटकन मान वर केली.  आता सांगणार, तोच प्रफुलच्या पाठीमागे, दाराच्या चौकटीला धरून रंजीता उभी होती. एक हात पोटावर, आणि डोळ्यांत अशी काकुळती, की दगडाला पाझर फुटावा. तिनं किंचित मान हलवली. नाही, बाई... सांगू नका!

"उद्या पाहुणे येऊन राह्यले," प्रफुल दारातून म्हणाला. "त्याहीनं पसंत केलं तर चाळीस दवाखान्यांत अशी मशीन बसन. उद्याच्या दिवस तरी तू मधात येऊ नोको. हात जोडतो तुले!"

हात जोडून तो गेला. त्या जोडलेल्या हातांनी सुगंधाबाईंच्या काळजाला जी घरं पाडली, ती दिवसभर बुजली नाहीत. त्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. चुलीवरचा भात करपला. अंगणात गेल्या आणि कशाला आलो ते विसरून परत फिरल्या.

धानोऱ्याच्या वेशीबाहेर सागाच्या कुंपणाआड एका संस्थेचा छोटा दवाखाना होता. तिथं सुगंधाबाई अठरा वर्षं नर्स होत्या. डॉक्टर येत आणि जात. कुणी पहिल्या उन्हाळ्यात पळे, कुणाला पहिला हिवताप पळवून लावी. शेवटी संस्थेनं नाद सोडला आणि गडचिरोलीहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरावर भागवलं. बाकीचे पाच दिवस सुगंधाबाई! आल्या-गेल्याचं गाव, वय, दुखणं, काय आढळलं, काय दिलं, पुढे काय झालं, सगळं त्या टपोऱ्या अक्षरात रजिस्टरात लिहीत. अशी बावीस रजिस्टरं भरली होती.

प्रफुल पुण्याची नोकरी सोडून परत आला, तो याच रजिस्टरांसाठी. त्यांचे आईबाप एकाच पावसाळ्यात आठ दिवसांच्या अंतरानं डोक्यात चढलेल्या हिवतापानं गेले होते, कारण हा साधा ताप नाही हे सांगणारं कुणी गावात नव्हतं. ते त्याच्या मनात लहानपणापासून काट्यासारखं रुतून बसलं होतं. "जिथं डॉक्टर टिकत नाई, तिथं माही मशीन टिकन," तो म्हणायचा. जुन्या रोग्यांवरून शिकणारं, नव्या रोग्याला चार प्रश्न विचारून दुखणं ओळखणारं असं काहीतरी त्याला घडवायचं होतं. संस्थेचे प्रमुख गुणवंतराव भला माणूस. त्यांनी एक खोली दिली. दोन मुली वर्षभर बसून बावीस रजिस्टरं त्या यंत्राच्या पोटात भरत राहिल्या. पहिल्या दिवशी सुगंधाबाईंनीच त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आपलं लिहिणं उतरवून घेताहेत, एवढंच त्यांना कळलं होतं. ते यंत्र त्यातून शिकणार म्हणजे नेमकं काय, हे त्या भोळ्या बाईला कुठून कळावं!

आणि शिकलं की ते! पहिल्याच महिन्यात सुगंधाबाई दूरच्या गावी गेलेल्या असताना एक लेकरू गुंगीत आणलं गेलं. दवाखान्यातल्या मुलीनं प्रश्नांची उत्तरं भरली आणि कागद बाहेर आला: मेंदूचा हिवताप, ताबडतोब इंजेक्शन, ताबडतोब गडचिरोली. लेकरू वाचलं. त्या संध्याकाळी सुगंधाबाई यंत्रापुढे हात जोडून उभ्या राहिल्या आणि बहीणभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. "बाबू, हे तवा असतं तर आपले मायबाप..." 

मग बुधरी आली.

सोळा वर्षांची गोंडाची पोर. विड्यांचा तेंदूपत्ता तोडायला दिवसभर उन्हात फिरली होती आणि हाडं फुटावीत तशी कळवळत होती. यंत्र म्हणालं: अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या. आणि आठवड्यापूर्वी अगदी असंच दुखणं घेऊन आलेल्या एका पोराला याच यंत्रानं सांगितलं होतं: सिकल, सलाईन लावा, नागपूरला रक्त तपासा. सुगंधाबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एका क्षणात त्यांना सारं उमगलं... आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

सिकल हा या मुलखातला रक्ताचा आजार. आईबापांच्या रक्तातून लेकरात उतरतो, ऊन, थंडी, तहान लागली की हाडांत कळा काढतो. दोघांकडून आला तर दुखणं जन्माचं. एकाकडून आला तर माणूस फक्त वाहक, धडधाकट, काही म्हणजे काही त्रास नाही. पण एवढा फरक कोण पाहतो! पोराच्या कागदावर तो शब्द लिहिला तर कागदावरच राहतो. पोरीच्या कागदावर लिहिला, की सोयरिकीच्या घरी चालत जातो. इकडे रीतच पडली होती. पोरगी पसंत पडली, की नवऱ्या मुलाचा मामा-काका डोकं दुखतं म्हणून गोळी मागायला दवाखान्यात यायचा, बाकावर बसायचा, पाणी प्यायचा आणि टेबलावर उघड्या पडलेल्या रजिस्टराकडे डोळा ठेवून सहज विचारल्यासारखं विचारायचा, "बाई, अमक्याची पोरगी कधी दुखण्यात होती काय व?"

म्हणून सुगंधाबाईंनी पोरींच्या नावापुढे तो शब्द कधी लिहिलाच नाही. बाटलीतल्या औषधात रक्ताचा थेंब टाकून चाचणी करायच्या, नागपूरहून रक्ताची चिठ्ठी मागवायच्या, पोरीला आणि तिच्या आईला कोपऱ्यात बसवून खरं ते सांगायच्या, औषध खरं द्यायच्या... आणि रजिस्टरात लिहायच्या, अशक्तपणा. शेजारी लाल शाईचा एक बारीक ठिपका, फक्त त्यांच्या स्वतःच्या ओळखीसाठी. अठरा वर्षांत असे ठिपके बासष्ट. बुधरीचा त्रेसष्टावा.

रजिस्टर उतरवणाऱ्या मुलींना ते शाईचे डाग वाटले. त्यांनी ते सोडून दिले. आणि यंत्र इमानेइतबारे शिकलं: पोरगी असेल आणि हातपाय दुखत असतील, तर अशक्तपणा!

तेव्हापासून त्या यंत्राच्या मागे धावत होत्या. त्याचा कागद आला, की हळूच पोरीला बाजूला घ्यायचं, सलाईन लावायचं, रक्त वाढवणाऱ्या फॉलिकच्या गोळ्या द्यायच्या. प्रफुलला वाटे, बहिणीला मशीनचा मत्सर झाला. वाटेना का! इथं धावायला त्या होत्या. उद्या चाळीस दवाखाने झाले, की तिथं कोण धावणार? तिथल्या बुधरींचं काय? पण सांगावं तरी कसं? भावाचं दोन वर्षांचं स्वप्न आपल्या खोट्यावर उभं आहे, हे कोणत्या तोंडानं सांगावं? आणि एवढंच असतं, तरी त्यांनी छातीवर दगड ठेवून सांगितलं असतं. पण त्या त्रेसष्टांतला एक ठिपका त्यांच्याच घरात नांदत होता.

रंजीता मूळची राजुऱ्याची. शाळेच्या सुट्टीत धानोऱ्याला मामाकडे यायची. आठ वर्षांपूर्वी तेंदूच्या हंगामात मामीबरोबर जंगलात गेली आणि कळा सोसत दवाखान्यात आली. चिठ्ठी आली ती आईबाप दोघांकडून उतरलेल्या सिकलची. सुगंधाबाईंनी ठिपका दिला. पुढे सहा वर्षांनी प्रफुलनं पसंत केलेल्या मुलीचा फोटो हातात ठेवला, तेव्हा तो ओळखीचा चेहरा त्यांनी कसा पचवला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक!

तरी त्यांनी डोळे मिटून काही केलं नाही. प्रफुलला ताप आला तेव्हा "मलेरियाची काच घेऊन पाहू" म्हणून त्याच्या बोटाला सुई टोचली आणि त्याचं रक्त सिकलसाठी तपासून घेतलं. रक्त स्वच्छ निघालं. म्हणजे लेकरांना हा आजार होणार नाही, नुसती वाहक होतील. त्यांचा जीव भांड्यात पडला. आणि लग्नाच्या चार दिवस आधी रंजीता एकटीच आली, त्यांच्या पायांवर कोसळली. "बाई, तुमी मोडा हे लग्न! नाई तर मले प्रफुलची शपथ घेऊन सांगा, का त्याहीले कधीच सांगनार नाई. सांगितलं तर ते मले सोडतीन, बाई... मी जगनार नाई!" सुगंधाबाईंनी तिला उठवून छातीशी धरलं. ज्या भावावर जीव ओवाळून टाकला त्याची शपथ त्यांनी घेतली, आणि तेव्हापासून पाण्याचा तांब्या हातात घेऊन भावजयीच्या मागे फिरणारी खाष्ट नणंद झाल्या.

पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी रंजीता अंथरुणावर पडली होती. सुगंधाबाई तिच्या पायांना गरम कपड्यानं शेकत होत्या.

"पोरी, शपथ सुटली म्हण. मले मोकळं कर. तुले श्वास लागून राह्यला."

"उद्याचा दिवस जाऊ द्या, बाई. त्याहीचा उद्याचा दिवस..." रंजीतानं त्यांचा हात धरला. मग हलकेच, चोरी पकडली जावी तशा स्वरात म्हणाली, "आन् मशीन तर म्हणते, अशक्तपना. चाळीस हजार पेशंट पाह्यले तिनं. त्या वक्ती तुमची बाटलीच चुकली असन, असं नाई होऊ शकत काय? नागपूरवाल्याहीनं चिठ्ठी बदलली असन... मले काईच नसन, बाई!"

अरे देवा! त्या पोरीच्या डोळ्यांत केवढी आशा होती! सुगंधाबाईंना ते पाहवेना. "रंजीता... मशीनले काई म्हाईत नाई व. तिनं मी लिहलेलं पाठ केलं. तुयासाठी लिहलेलं खोटंच तुले वाचून दाखवून राह्यली ते."

रंजीतानं भिंतीकडे तोंड फिरवलं.  मग फक्त म्हणाली, "शपथ आहे तुमाले."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तीन जीपगाड्या सागाच्या कुंपणात शिरल्या. नागपूरचे, मुंबईचे मोठाले पाहुणे. गुणवंतराव खादीचा नवा सदरा घालून त्यांच्या पुढे-मागे. प्रफुलचा चेहरा नुसता उजळला होता. गुंगीत आणलेल्या लेकराची गोष्ट त्यानं सांगितली, तेव्हा एका पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. सुगंधाबाई दाराजवळ उभ्या होत्या. आत यावं, बाहेर जावं, पुन्हा आत यावं... पदराचं टोक त्यांनी पिळून पिळून चुरगळून टाकलं.

रंजीता चहाचा ट्रे घेऊन आली. एका पाहुण्यानं हसून विचारलं, "आम्हाला दाखवा की, कसं चालतं ते! कोणी रोगी आहे का आत्ता?"

"घरचीच आहे," प्रफुल म्हणाला, आणि त्यानं मोठ्या कौतुकानं बायकोला खुर्चीवर बसवलं. एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला. हातपाय दुखतात? हो. छातीत दुखतं? रंजीता थबकली, मग म्हणाली, हो. धाप लागते? हो. छपाईचं यंत्र करकरलं, कागद सरकत बाहेर आला. अशक्तपणा. लोहाच्या गोळ्या. घरी विश्रांती. प्रफुलनं तो वर धरून दाखवला आणि खोलीत टाळ्या वाजल्या.

टाळ्या! सुगंधाबाईंना मात्र टाळ्या ऐकू आल्या नाहीत. त्यांना दिसत होते रंजीताचे ओठ, निळसर पडलेले. नखं, तीही निळसर. श्वास अर्ध्यावर अडकत होता आणि ती एक हात छातीवर दाबून पाहुण्यांकडे बघत हसायचा प्रयत्न करत होती. अठरा वर्षांत असा श्वास त्यांनी चार वेळा पाहिला होता. चारपैकी तिघी वाचल्या नव्हत्या.

तिचे डोळे अजूनही सांगत होते, नाही. शपथ आहे!

शपथ कुणाची, तर प्रफुलची. मोडली तर काय होईल? आणि पाळली तर... पाळली तर ही पोर आणि तिच्या पोटातलं लेकरू!  एका क्षणात सुगंधाबाईंनी मनाशी ठरवलं. रंजीताचं नाव आपल्या तोंडून जाणार नाही. पण आपलं स्वतःचं तोंड काळं करायला कुणाची शपथ आड आली होती?

त्या पुढे आल्या. कपाटातलं एक रजिस्टर उघडून त्यांनी टेबलावर आपटलं आणि नावांवर तळहात झाकून धरला.

"टाळ्या वाजवू नोका!" आपलाच आवाज त्यांना परका वाटला. "हे मशीन बायांच्या दुखण्यात खोटं बोलते. कारन मी खोटं लिहलं. हे ठिपके पाहा. त्रेसष्ट पोरी. साऱ्याइले सिकल होती, आन् मी लिहलं अशक्तपना. हातानं लिहलं, जानूनबुजून लिहलं. मशीन माहं खोटं शिकली. कोनत्याच बाईच्या बाबतीत तिचं ऐकू नोको, बाबू! तुया बायकोले नागपूरले ने. आत्ताच्या आत्ता!"

 गुणवंतराव उठून उभे राहिले. "सुगंधाबाई... तुमी? अठरा वर्षं रजिस्टर खोटं लिहलं? तुमी?"

"हाव, भाऊ. मी."

प्रफुलचा चेहरा आधी पांढरा, मग लालबुंद झाला. "काल म्हणलं होतं तुले, मधात येऊ नोको... आन् तू! सगळ्याइच्या समोर! तुले पाहवलं नाई ना, बाई? तू मले वाढवलं का, असं मातीत घालासाठी? वाटोळं केलं तू माहं! चालली जाय इथून... तुयं तोंड दाखवू नोको मले!"

सुगंधाबाई हलल्या नाहीत. डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या होत्या, पण त्या पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "जातो, बाबू. जातो. पन आधी हिले ने... हिले ने..."

"त्याहीले काई बोलू नोका."

आवाज इतका क्षीण होता, की प्रफुलला आधी कळलंच नाही कुठून आला. खुर्चीत वाकलेली रंजीता एकेक शब्द श्वासाश्वासानं बाहेर काढत होती.

"बाईनं... तुमची शपथ पाळली. माह्यासाठी. त्या त्रेसष्टांतली... एक मी आहे."

आणि ती खुर्चीतून घसरली.

पाहुण्यांचीच जीप होती. सुगंधाबाईंनी सलाईनची बाटली हातात उंच धरली, रंजीताचं डोकं मांडीवर घेतलं आणि गडचिरोलीपर्यंतच्या सगळ्या रस्त्यात प्रफुल बहिणीकडे एकदाही पाहू शकला नाही. तिथून प्राणवायू लावून नागपूर. मोठ्या दवाखान्यात सहा दिवस रक्त चढत होतं. दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. मूठभर जीव, काचेच्या पेटीत ठेवलेला. सातव्या दिवशी रंजीतानं डोळे उघडून पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या.

सुगंधाबाईंनी दारातूनच तिला पाणी पिताना पाहिलं, काचेतल्या पोरीवरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली, आणि कुणालाही न सांगता त्या धानोऱ्याच्या एस.टी.त बसल्या. तोंड दाखवू नको, म्हणाला होता ना तो!

दवाखान्याचं दार त्यांना बंद झालं होतं. गुणवंतरावांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, मन मानत नाही, पण इलाज नाही. पेटीतल्या लेकरापायी प्रफुल आणि रंजीता नागपूरलाच राहिले. पाहुणे पुन्हा आले नाहीत. यंत्रावर चादर टाकली गेली. आणि गावोगावची त्रेसष्ट घरं जीव मुठीत धरून बसली, की आता नावं फुटणार. कुणी सुगंधाबाईंना पाहून दार लावून घ्यायचं, कुणी दार लावून आतून रडायचं. एकही नाव फुटलं नाही. सुगंधाबाई सारा आषाढ-श्रावण घरात येरझारा घालत राहिल्या. सवयीनं तांब्या भरायच्या आणि कुणाच्या मागे न्यायचा हे न सुचून तो तसाच ठेवून द्यायच्या.

पोळा झाल्यावर एका सकाळी अंगणात बैलबंडी थांबली. बंडीत बावीस रजिस्टरं होती. आणि चादर गुंडाळलेलं ते यंत्र. मागोमाग रंजीता उतरली, दुपट्यात मुलगी घेऊन. प्रफुल मात्र फाटकापाशीच उभा राहिला, लहानपणी काही फोडून आला की उभा राहायचा तसा.

"येतो का आत?" सुगंधाबाईंनी विचारलं.

तो आला तो थेट त्यांच्या पायांवरच आला. "बाई, मार मले! मी तुले काय बोललो... ज्या बाईनं मह्यासाठी, मह्या बायकोसाठी... आन् ते मलेरियाची काच! डॉक्टरनं सांगितलं, नवऱ्याचं रक्त तपासा, तवा रंजीता म्हणे, बाईनं कधीच तपासलं. मले सुई टोचली आन् मले पत्ता नाई!" तो रडतारडता हसला, आणि सुगंधाबाईही. मग दोघंही नुसतेच रडले. रंजीतानं मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाई, मशीननं काई गुन्हा नाई केला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "गुन्हा माहा. बावीस रजिस्टरं तिले वाचाले देल्ली, पन जिनं लिहली तिले एक सवाल नाई विचारला. ठिपका काऊन आहे, एवढं तरी विचाराचं होतं! आता तू वाच. मी नव्यानं शिकवतो तिले. नाव नाई टाकनार, गाव नाई टाकनार, फक्त नंबर. आन् रजिस्टर यापुढं टेबलावर नाई, कुलपात. गुनवंतरावले मी कबूल करून आलो. ते म्हणे, बाई हो म्हणत असन तर दार उघडंच आहे."

सुगंधाबाईंनी मुलीच्या कपाळावरून हात फिरवला. "मी ज्या पोरीइले जबान देली, त्याहीले विचारल्याबिगर एकही ठिपका वाचनार नाई."

आणि त्या विचारायला निघाल्या. धानाच्या बांधांवरून, मोहाच्या झाडांखालून, नाले ओलांडत, रोज एक गाव. कुणाच्या पायांवर हात ठेवून, कुणाच्या शिव्या खाऊन. चौघी आता विचारण्यापलीकडे गेल्या होत्या. त्यांच्या आयांनी होकार दिला. नऊ जणी नाही म्हणाल्या. त्यांना सुगंधाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. बुधरीनं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिवा बाई. त्या डब्याले म्हणा, पोरीइचंबी हाड दुखते."

दिवाळीच्या आधी ते बसले. प्रफुल यंत्रापुढे, सुगंधाबाई रजिस्टर घेऊन, रंजीता मुलीला पाजत. एकेक नंबर, एकेक वय, एकेक दुखणं. तिसऱ्या दिवशी दुपारी चोपन्न पूर्ण झाले.

"झालं," प्रफुल पाठ ताठ करत म्हणाला.

"एक राह्यलं."

"कोनतं? नऊजणी तर नाई म्हणल्या."

सुगंधाबाईंनी कंबरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून घडीवर घडी घातलेलं, पिवळं पडलेलं एक कार्ड काढलं. चंद्रपूरला नर्सिंग शिकत असताना नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या मुलींची रक्तं तपासली होती, तेव्हाचं. वर तारीख एकवीस वर्षांपूर्वीची. खाली लिहिलेलं: सिकल, वाहक.

"मले काईच नाई, बाबू. कधी एक कळ आली नाई. पन सोयरीक ठरली होती ना माही? त्याहीनं हे वाचलं. पहिलाच शब्द वाचला, पुढचा वाचलाच नाई."

प्रफुलनं ते कार्ड उलटून पालटून पाहिलं. "पन... सारे म्हणते, तू मह्यासाठी लग्न नाई केलं. मी जन्मभर तेच ऐकलं, बाई! माहंच ओझं समजत आलो..."

"लोकं म्हणे, मी म्हणू देल्लं. तेवढाच त्या गोष्टीले मान राहे." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आन् तूच होता ना रे घरात. मंग काय कमी होतं मले?"

रंजीता पाजायची थांबली. प्रफुलनं बाहीनं डोळे पुसले, पुन्हा पुसले; समोरची अक्षरं त्याला दिसेनात. शेवटी त्यानं बोटं पट्ट्यांवर ठेवली.

"नंबर कोनता टाकू, बाई?"

"नंबर नाई." सुगंधाबाईंनी मांडीवरची रजिस्टरं बाजूला सारली आणि त्या त्याच्या शेजारी येऊन बसल्या. "माहं नाव लिही. पूर्ण लिही. सुगंधा बापूराव निकुरे. आन् त्याच्या पुढं तो शब्द लिही, मी पाहतो."

प्रफुलनं लिहिलं. सुगंधाबाईंनी पडद्याजवळ वाकून ती ओळ एकेक अक्षर लावून वाचली, आणि मग रंजीतासाठी पाण्याचा तांब्या भरायला उठल्या.